म्युझियममधल्या उन्हाळी शिबिरात मुलांची आणि वयस्कर माणसांची काळजी कशी घ्यायची? (सोलापूर)

मागाची_खटखट

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका ट्रस्टचं छोटंसं वस्तुसंग्रहालय आहे, नाव इथं लिहीत नाही, मी तिथं चार वर्षं झाली सगळं बघते, म्हणजे तिकीट फाडण्यापासून शाळांना माहिती सांगण्यापर्यंत. तीन खोल्या आणि मागं एक स्टोअर एवढाच पसारा, पण खड्ड्यातला हातमाग आहे, जुन्या गिरणीतले पितळी बिल्ले आहेत, नाणी, वजनं, १९३० च्या मार्शल लॉच्या वेळची कात्रणं असं बरंच काही आहे. यंदा मे महिन्यात पहिल्यांदाच आठ दिवसांचं शिबिर घेतोय, ८ ते १३ वयाची ३० मुलं, आणि शेवटच्या दोन दिवशी एका वृद्धाश्रमातले आजी-आजोबा येऊन मुलांना मागाच्या आणि गिरणीच्या आठवणी सांगणार, त्याचं रेकॉर्डिंगपण करायचंय.

मला विचारायचंय ते सुरक्षेबद्दल. शोकेसला कुलूप आहे का, तलवारीला कुणी हात लावला का, ते आम्ही डोळ्यात तेल घालून बघतो. माणसांचं तसं काहीच ठरलेलं नाही.

दोन गोष्टी सांगते म्हणजे कळेल. गेल्या डिसेंबरात अक्कलकोट तालुक्यातल्या एका शाळेची सहल आली होती, ४२ मुलं. निघताना बसमध्ये मोजली तर ४१. दुसरीतली एक मुलगी नव्हती. सर घाबरले, आमच्यातल्या एकानं माइक घेतला आणि गड्ड्याच्या यात्रेत पुकारतात तसं तिचं पूर्ण नाव, गावाचं नाव, गुलाबी स्वेटर, दोन वेण्या, सगळं सांगितलं, स्पीकर रस्त्यापर्यंत ऐकू जातो. दहा मिनिटांनी एक अनोळखी माणूस तिचं बोट धरून गेटातून आत आला. ती बाहेर उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभी होती, त्यानं माइकवरचं ऐकलं, तिला नावानं हाक मारली आणि ती त्याच्याबरोबर चालत आली. स्वेटरची बाही तोंडात धरली होती, ओली झाली होती पार. तिला मराठी नीट येत नव्हतं, घरी कन्नड, त्यामुळं आत कुणाला काही विचारूही शकली नव्हती बिचारी. माणूस भला होता, नाव न सांगताच निघून गेला. पण तिनं त्याच्याबरोबर यायला तिचं नाव पुरलं, आणि ते नाव आम्हीच रस्त्यावर ओरडून सांगितलं होतं. हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं आणि अंगावर काटा आला.

दुसरी गोष्ट अवघड आहे. आमच्याकडं एक ज्येष्ठ काका स्वयंसेवक म्हणून येतात, नाण्यांचं त्यांना अफाट ज्ञान, पगार नाही, मानधन नाही, मुलंपण जीव लावतात. त्यांना सवय अशी की एखादं चुणचुणीत पोरगं दिसलं की 'चल तुला खरा होन दाखवतो' (होन म्हणजे जुनं सोन्याचं नाणं) म्हणून एकट्याला मागच्या स्टोअरमध्ये नेतात. त्या दाराला उंदीर शिरू नयेत म्हणून स्प्रिंग लावलीय, ते आपोआप बंद होतं. माझ्याकडं त्यांच्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. पण माझी स्वतःची पोरगी असती तर मी असं बंद दाराआड एकटी पाठवली असती का, असं मनाला विचारलं आणि उत्तर नाही असं आलं. ट्रस्टींना बोलले तर म्हणाले अगं आपण सगळे घरचेच, त्यांना काय वाटेल. मला खरंच कळत नाहीये, काकांचा अपमान न करता हे थांबवायचं कसं? कायद्यानं आमच्यावर काय जबाबदारी येते? आणि वृद्धाश्रमातल्या माणसांसाठी वेगळं काही बघावं लागतं का?

निवृत्त_गुरुजी_जुळे_सोलापूर

ताई, ३४ वर्षं शाळेत काढली, त्यातल्या कमीत कमी वीस सहली मी नेल्यात, म्हणून लिहितो.

काकांचा प्रश्न आधी घेतो. नियम माणसावर लावू नका, खोलीवर लावा. 'स्टोअरमध्ये मुलांना प्रवेश नाही' एवढी पाटी. त्यात काका आले, तुम्ही आलात, ट्रस्टचे अध्यक्ष आले, उद्या कलेक्टर आले तरी त्यांनाही तेच. मग कुणाला उद्देशून काही म्हटल्यासारखं होतच नाही. आणि काकांना जाऊन काय सांगायचं, तर 'काका, ती नाणी आतल्या अंधारात एकाच पोराला कशाला, बाहेर टेबल मांडून देते, भिंग देते, रोज अकरा वाजता सगळ्यांना दाखवा.' माणूस ज्ञानासाठी करत असेल तर तो खूश होईल, त्याला तीस श्रोते मिळाले. आणि ह्याच्यावर जर ते रागावले, एकेकट्यालाच न्यायचं म्हणून अडून बसले, तर मग मात्र तुम्ही नीट कान टवकारा.

स्प्रिंग काढू नका, उंदीर खरंच कागद खातात. दारात वरच्या भागाला काच बसवून घ्या, सुतार दीड तासात करून देईल.

मोजणीचं सांगतो. निघताना मोजून काही उपयोग नाही, तोवर पोरगं रसाच्या गाड्यावर पोचलेलं असतं. प्रत्येक खोली बदलताना मोजायचं. मी दहा-दहाचे गट करायचो, प्रत्येक गटाला एका रंगाची रिबीन मनगटाला, आणि एक मोठा माणूस फक्त त्या दहांचा, त्याला दुसरं काम द्यायचंच नाही, फोटोसुद्धा काढायला लावायचा नाही. जो माहिती सांगतो त्यानं मोजायचं नाही आणि जो मोजतो त्यानं माहिती सांगायची नाही, दोन्ही एकाला जमत नाही, माझं स्वतःचं एकदा चुकलंय त्यात. छातीवर नावाचे बिल्ले लावू नका, तुमच्या माइकसारखंच आहे ते, कुणीही वाचून हाक मारतं. बिल्ल्यावर संग्रहालयाचं नाव आणि तुमचा फोन नंबर, बस.

सात_रस्ता_०७

सगळं वाचलं. मला वाटतं जरा जास्तच होतंय. आपलं गाव अजून असं झालेलं नाही, इथं पोर रडलं तर दहा माणसं गोळा होतात, तुमच्याच गोष्टीत बघा तो माणूस पोरीला घेऊन आलाच की. हे सगळं लिहून-बिहून ठेवलं तर उद्या कुणी फुकट येऊन शिकवायला तयार होणार नाही, प्रत्येकाला वाटेल आपल्यावर संशय घेतात. आधीच असल्या जागांना माणसं मिळत नाहीत.

वकील_विजापूर_रोड

@सात_रस्ता_०७ दादा, तुमची शेवटची काळजी खरी आहे, स्वयंसेवक टिकले पाहिजेत. पण मी गेली अकरा वर्षं ह्या केसेस बघते. मुलाला त्रास देणारा माणूस फार वेळा ओळखीतलाच असतो, ज्याच्यावर घरच्यांचा विश्वास असतो असा. त्यामुळं 'आपण सगळे घरचेच' ह्या वाक्यानं मुलाचं रक्षण होत नाही, उलट त्याला बोलणं अवघड होतं, कारण त्याला कळतं की मोठे कुणाच्या बाजूनं आहेत. आणि लिहिलेला नियम चांगल्या माणसालाच जास्त वाचवतो. दोन मोठी माणसं कायम सोबत असली तर त्याच्यावर उद्या खोटा आळ आला तरी साक्षीदार असतो.

आता कायद्याचं, ताई. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणारा कायदा, २०१२ चा, १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू, मुलगा असो मुलगी असो. त्याचं कलम १९ तुमच्या ट्रस्टींना छापून द्या. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तरी पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि हे प्रत्येक व्यक्तीला आहे, फक्त शिक्षकाला नाही. कळवलं नाही तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसला असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ऑगस्ट २०२४ ला बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात शाळेच्या संस्थेतल्या लोकांवर वेळेत कळवलं नाही म्हणूनसुद्धा गुन्हा नोंदला गेला, आठवत असेल. उलट तुम्ही चांगल्या हेतूनं कळवलं आणि नंतर काही निघालं नाही, तर तुमच्यावर त्याची जबाबदारी येत नाही, तेही त्याच कलम १९ मध्ये लिहिलंय. म्हणून घाबरून थांबू नका.

सगळ्यात जास्त चूक कुठं होते सांगू? एखादं पोर काहीतरी बोलतं आणि मोठी माणसं मीटिंग लावतात. त्या माणसाला समोर बसवतात, पोराला परत परत विचारतात, खरं का, नक्की का, कुठं हात लावला, परत सांग. असं करू नका. तपास तुमचं काम नाही. पोर बोलायला लागलं की हातातलं सोडून त्याच्या उंचीला बसा, ऐका, 'तू सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही, आणि मग लगेच, त्याच दिवशी, त्याचेच शब्द जसेच्या तसे तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा. 'दुखतंय' म्हणालं तर 'दुखतंय' लिहा, तुमचा अर्थ त्यात घालू नका. मग मुलांच्या हेल्पलाइनला १०९८ वर किंवा पोलिसांना ११२ वर फोन. पोलीस आले की पोराला ठाण्यात नेऊन बसवायचं नसतं, जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि वर्दी न घालता. भाषा वेगळी असेल तर दुभाषा मिळतो. तुमच्या त्या कन्नड बोलणाऱ्या मुलीसारख्या पोरांसाठी हे लक्षात ठेवा, आपल्याकडं कन्नड, तेलुगू, उर्दू घरात बोलणारी कितीतरी मुलं आहेत आणि ती शाळेच्या भाषेत असलं काही सांगूच शकत नाहीत.

काकांबद्दल एवढंच म्हणते की गुरुजींचा उपाय आजच करा. आणि त्यापुढं डोळे उघडे ठेवा, म्हणजे कुणीही मोठा माणूस एखाद्याच मुलाला वेगळं काढून खाऊ किंवा वस्तू देतोय का, 'घरी सांगू नकोस' म्हणतोय का, मुलाच्या फोनवर परस्पर मेसेज करतोय का. ह्यातलं काही दिसलं तर ते फक्त तुमच्या मनातली शंका राहत नाही.

सोलापूर_ते_लेस्टर

मूळची अशोक चौकातली, आता बारा वर्षं इंग्लंडात. इथं एका म्युझियममध्ये शनिवारी मुलांच्या वर्कशॉपला मदत करते. मला पहिल्या दिवशी गॅलरी दाखवायच्या आधी हेच शिकवलं होतं, त्याला इथं सेफगार्डिंग म्हणतात आणि त्यात मुलांबरोबर आजारी, अपंग, विसराळू झालेली मोठी माणसंपण येतात. प्रत्येक म्युझियममध्ये एक ठरलेली व्यक्ती असते, काही खटकलं की तिच्याकडंच जायचं. तिचं नाव आणि नंबर आमच्या स्टाफच्या चहाच्या कपाटावर आतून चिकटवलेला आहे, दिवसातून चार वेळा दिसतो. तुम्हीपण एक नाव ठरवा आणि ती व्यक्ती रजेवर असेल तेव्हाचं दुसरं नाव ठरवा, नाहीतर वेळ आली की सगळे एकमेकांची तोंडं बघतात.

कामाला घेताना गुन्हेगारी नोंदीची तपासणी होते, डीबीएस म्हणतात. आपल्याकडं पोलिसांचं चारित्र्य पडताळणीचं सर्टिफिकेट मिळतं ते घ्याच. पण मला शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट बजावली होती ती सांगते, कोरा कागद म्हणजे तो माणूस कधी पकडला गेला नाही एवढंच. म्हणून कागद आहे म्हणून एकट्याला सोडायचं असं नाही.

हरवलेल्या मुलाचं. माइकवर नाव आणि वर्णन सांगायचं नाही, तुमचं बरोबर आहे. अमेरिकेत ह्याला कोड अ‍ॅडम म्हणतात, १९९४ ला एका दुकानाच्या साखळीनं सुरू केलं आणि २००३ पासून तिथल्या केंद्र सरकारच्या इमारतींना असा कार्यक्रम कायद्यानं ठेवावा लागतो. पद्धत साधी आहे. स्टाफला एक ठरलेला शब्द ऐकू गेला की आधी दारांवर माणसं उभी राहतात, मग आत शोध सुरू होतो. आपण उलटं करतो, सगळे आत शोधत धावतो आणि गेट मोकळं. तुमच्याकडं गेट किती आहेत? एक असेल तर फार सोपं आहे, एक माणूस गेटाला, बाकीचे खोल्या वाटून. पोर सापडलं की ते कुणाबरोबर जातंय ते बघा, पालक म्हणून आलेल्याला मुलाचं नाव विचारा, मुलाकडं बघून तो ओळखतोय का ते बघा, मगच सोपवा. आणि दहा मिनिटांत सापडलं नाही तर पोलिसांना फोन, लाजायचं नाही.

आजीची_नात

कुणी म्हाताऱ्या माणसांबद्दल सविस्तर लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, आमच्या घरी घडलंय.

माझी आजी चाळीस वर्षं विड्या वळायची, घरी तेलुगू, आजोबा मागावर. शेवटची तीन वर्षं तिला विसर पडायला लागला. सकाळी सगळं नीट, दुपारी तीननंतर माणूस ओळखू यायचं नाही. त्या काळात जुन्या वस्तू गोळा करणारा एक माणूस घरी आला, गोड बोलला, तिच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ आणि आजोबांचा धोटा, म्हणजे मागावर आडवा दोरा नेतो तो, घेऊन गेला. धोट्याच्या बाजूला आजोबांच्या अंगठ्यानं लाकूड झिजून खळगा पडला होता. आम्ही संध्याकाळी घरी आलो तर ती म्हणाली 'मीच दिलं, त्यांनी मागितलं.' कागदावर तिचा अंगठा पण घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच उठून घंगाळ शोधत होती, आंघोळीचं पाणी तापवायचंय म्हणून.

तेव्हा ताई, तुमच्याकडं कुणी आजी-आजोबा जुनी वस्तू द्यायला आले तर त्याच दिवशी घेऊ नका. पावती देऊन ठेवून घ्या हवं तर, पण सही आठवड्यानं, सकाळच्या वेळेत, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावरही तेच म्हणाले तर. सोबत मुलगा-पुतण्या असेल तर थोडा वेळ त्याला बाहेर चहाला पाठवून त्यांना एकट्याला विचारा की तुम्हाला द्यायचंय का. त्यांच्या भाषेत विचारा.

रेकॉर्डिंगचंही तसंच. वृद्धाश्रमाच्या मॅनेजरनं हो म्हटलं म्हणजे आजीनं हो म्हटलं असं नाही. कॅमेरा लावायच्या आधी विचारा, मध्ये थांबायचंय का विचारा, झाल्यावर ऐकवून परत विचारा, ठेवू का पुसू. कारण बोलता बोलता माणूस घरच्या भांडणावर येतो, मुलानं कसं बाहेर काढलं ते सांगतो, रडतो, आणि ते उद्या यूट्यूबवर गेलं की त्याच मुलाच्या हाती लागतं. आणि गोष्ट सांगता सांगता कुणी मारहाणीचं, पैसे काढून घेतल्याचं बोललं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. अपंग व्यक्तीचा छळ होत असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसीलदारांना, कळवू शकतो. पण मोठ्या माणसाच्या बाबतीत आधी त्यांना विचारा, तुम्हाला काय केलेलं हवंय. ते लहान मूल नाहीत.

आणि मे महिना आहे, दुपारी बोलवू नका. ४२-४३ डिग्रीत त्या वयाची माणसं रिक्षातून उतरतानाच थकतात. सकाळी आठ ते दहा, पाठ असलेली खुर्ची, संडास जवळ आणि त्याची कडी बाहेरूनही उघडेल अशी.

मागाची_खटखट

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितेय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

काकांशी बोलले. गुरुजींनी सांगितलं तसंच, टेबल, भिंग, अकरा वाजता. दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले 'बरोबर आहे तुझं, माझ्या नातीला कुणी असं नेलं असतं तर मला चाललं नसतं.' स्वतःच पाटी लिहून आणली, अक्षर सुंदर आहे त्यांचं. पण वकील ताई, तुमचं शेवटचं वाक्यपण मी विसरलेले नाही, नियम सगळ्यांना तसा त्यांनाही आणि लक्ष सगळ्यांवर तसं त्यांच्यावरही.

ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये कलम २१ वाचून दाखवलं. एक वर्ष हा शब्द ऐकल्यावर 'घरचेच' वाला विषय संपला. सुतार येऊन काच बसवून गेला. संपर्काची दोन नावं ठरली, एक मी आणि एक ट्रस्टी बाई, चहाच्या कपाटाला आतून चिकटवलीत. माइक फक्त पाणी प्यायला चला सांगायला. परवा पंधरा मिनिटांची तालीमपण केली, मुद्दाम शिपायाच्या मुलाला, त्याच्या आईला सांगून, मागाच्या खड्ड्यात लपवलं, ठरलेला शब्द बोलले, तर गेटावर माणूस उभा राहायला चार मिनिटं लागली. फार आहेत चार मिनिटं, गाडा तर वीस पावलांवर आहे. परत करणार आहोत.

@सात_रस्ता_०७ दादा, तुम्ही म्हणालात माणसं मिळत नाहीत, तर उलटं झालं. शिबिराच्या फॉर्मवर आम्ही हे नियम छापले आणि तीन पालकांनी विचारलं आम्ही येऊन गटाला थांबू का.

@आजीची_नात, तुमची पोस्ट मी छापून आमच्या देणगीच्या वहीत पहिल्या पानाला लावली आहे, चालेल ना? नको असेल तर सांगा, काढते.

आता एकच अडलंय. ३० पैकी सात मुलं घरी कन्नड बोलणारी आहेत आणि चार तेलुगू. तेलुगूसाठी एक ताई मिळाल्या. कन्नड नीट येणारी, सकाळी साडेसात ते अकरा थांबू शकेल अशी कुणी बाई माहितीत आहे का? रिक्षाचं भाडं आम्ही देऊ, आणि चारित्र्य पडताळणीचा अर्ज करायला मी स्वतः मदत करेन.